क्षेत्र एकच लिहावे

कोठी कचेरीच्या मागच्या खोलीत
बावीस वर्षं मी मोडी वाचते.
बडोद्याला समुद्र नाही.
तरी एकशे चौदा नंबरचा रुमाल सोडला
की बोटांना मीठ लागतं.
जशुभाई म्हणतात, ती कसरीची पावडर.

टिपणीस, रामाजी विश्वनाथ, कारकून.
सरकारी खर्चाने बैलगाडी, मग उंट, मग होडी.
ओखामंडळात पाठवलेला, बेटं मोजायला.
चार बेटं, खाडीच्या तोंडाशी,
नकाशावर माशी बसून उठावी एवढी.

पहिल्या पत्रात फक्त:
‘येथे पाणी फार आहे.’

दुसऱ्यात वाचा फुटलेली:
‘आपण मोडी लिहिताना आधी कागदभर
रेघ ओढतो, मग तिला अक्षरे टांगतो.
येथे कोणी रेघ ओढून ठेविली आहे,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
अक्षरे यावयाची आहेत.’

मग आली.
लूणियो : झोपड्या सात, पीर एक,
विहीर एक, तीही निम्मी खारी.
धाबडो : मनुष्यवस्ती नाही. बगळे असंख्य. कर लागू नाही.
मोटी चांक : नारळ अकरा. शंख काढणारे पाणबुडे चार,
पैकी तिघांस ऐकू येत नाही.
नानी चांक : क्षेत्र,
सकाळी अडीच बिघे.
दुपारी काही नाही.

बडोद्याहून शेरा गेला, लाल शाईत :
क्षेत्र एकच लिहावे.

तो पुन्हा गेला.
पुनवेला गेला, अवसेला गेला,
दोरी घेऊन गेला. दोरी भिजून आखडली,
आणि बेट कागदावर दोन हात वाढलं.
शेवटी जबाब घेतला : हुरबाई जुसब,
वय अदमासे साठ, जाळी विणते.
ती कच्छीत बोलली, होडीवाल्यानं गुजराती केलं,
यानं मराठीत उतरवलं.
तीन फडक्यांतून गळून आलेलं वाक्य :
‘बेट कोठे जात नाही. पाणी येते.’

आणि पुढे, कुणी न विचारता :
‘आमची माणसे तेथेच पुरली आहेत.
ओहोटीस जाऊन फातिहा पढतो, भरतीआधी परततो.
त्यांस रोज दोन वेळा स्नान घडते.’
‘स्नान’वर काट मारलेली आहे.
वर बारीक अक्षरात : गुसल.

त्या एका काटेसाठी
मी हा माणूस ओळखते असं वाटतं.

प्रकरण दप्तरी दाखल.
टिपणीसाचं पुढे काय झालं, रुमालात नाही.
एक पावती आहे तेवढी :
सुती दोरी, हात चाळीस, समुद्रात गमावली,
रक्कम पगारातून वळती.

विश्वामित्री वर आली ती रात्रीतून.
तीन दिवस मी दुसऱ्या मजल्यावर.
खाली पार्किंगमध्ये, चिटणिसांच्या स्कूटरला
खेटून, एक मगर शांत पडलेली,
जसं काही तिचंच भाडं भरलेलं.
गच्च्या तेवढ्या वर राहिल्या होत्या.
एका गच्चीवर स्टो, एकीवर रेडिओ,
एकीवर लग्नाचे रुखवत झाकून बसलेली माणसं.
पटेलांच्या मुलानं बादलीला दोरी बांधून
खाखरे पाठवले, मी उलट चिवडा पाठवला.
दोरी मधेच पाण्याला टेकली
आणि मला उगीच हिशेब आठवला : हात चाळीस.

पाणी उतरल्यावर पंचनाम्याला पोरगा आला,
गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फॉर्म.
पाणी किती फूट?
मी म्हटलं, सोमवारी रात्री,
की मंगळवारी पहाटे, की दुपारी?
‘बेन, एक ज आंकडो लखो ने.’

दमला होता. चहा दिला.
पेन हातात घेऊन मी भिंतीकडे बघत राहिले :
जिन्यापासून दारापर्यंत
चिखलानं सरळ ओढलेली रेघ,
आणि तिच्याखाली
ओली, कोरी भिंत.